टपावरचा तंबू

“शिडी आतून वर ओढून घेता येईल का?”

अण्णांनी हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा निसार शिकलगार हसले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं पत्र्याचं मोठं शेड होतं. टेम्पोची हुडं, रुग्णवाहिकांच्या आतल्या बैठकी असली कामं ते करायचे. अलीकडे हौशी प्रवाशांसाठी गाडीच्या टपावर बसवायचे तंबू आणि गाडीमागे ओढायचे ट्रेलरही बनवायला लागले होते.

“सायेब, वर झोपल्यावर शिडी कोन चोरतंय? आनि नेली तर नेली, सकाळी उडी मारायची!”

अण्णा हसले नाहीत. “ओढून घेता येईल का, तेवढं सांगा.”

“येईल की. बिजागरीच्या जागी हुक लावून देतो. घडीची हाय, आत गादीच्या कडंला पडून ऱ्हाईल.”

“आणि दाराची चेन. ती जरा अवघड पाहिजे. एका हातानं सहज सरकायला नको.”

“ते बरोबर हाय. माकडं असत्यात. चेन उघडून आत शिरत्यात.”

“बाहेरनं नव्हे,” अण्णा म्हणाले. “आतनं.”

निसारभाईंचं हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चहा पिणाऱ्या आईकडे. आई वेल्डिंगच्या ठिणग्या बघत होती. तिने ऐकलं असेल असं वाटलं नाही.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आई गेली, आणि या पावसाळ्यात अण्णाही गेले. हे कुणाला सांगायचं नाही असं आम्हा तिघांचं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांपैकी आता मी एकटी उरले आहे.

आई कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. शालन निकम, गावासाठी निकम बाई. आमचं घर कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर, पण तिने ती नदी सांगलीच्या पुढे कधी पाहिली नव्हती. महाबळेश्वरापासून समुद्रापर्यंत नदीच्या कडेकडेने एकदा जायचं, हे मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले होते. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. रस्त्याचं त्यांना अप्रूप नव्हतं. ते “बघू” म्हणायचे आणि वर्ष निघून जायचं. मग त्या दिवाळीत त्यांनीच मला पुण्याला फोन केला. जुनी जीप नीट करून घेतली आहे, टपावर तंबू बसवतो आहे, तुळशीचं लग्न झालं की दोघं निघतो आहोत. ज्या माणसाने नोकरीभर एसटीच्या टपावर चढणाऱ्यांना शिव्या घातल्या, तो आता टपावर झोपायला निघाला होता.

“अण्णा, तुमचा गुडघा?” मी फोनवर म्हणाले. “तंबूच पाहिजे तर ट्रेलर घ्या. जमिनीवर राहील.”

“बघितलाय ट्रेलर.”

“आईला देता का फोन?”

“झोपलीय,” ते म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते. आई जन्मात कधी दहाला झोपलेली नव्हती.

मी आले ती त्यामुळेच. आदल्या दुपारी कऱ्हाडला उतरले तर घराच्या दाराला आतून नवी कडी होती, पार वरच्या अंगाला. माझा हात चवड्यांवर उभं राहून पोहोचत होता. आईचा पोहोचणं शक्य नव्हतं. “चोऱ्या वाढल्यात,” अण्णा म्हणाले. आईची स्कूटर अंगणात नव्हती. “विकली.” चहा करायला गेले तर शेगडीची बटणं नव्हती. अण्णांनी ती सदऱ्याच्या खिशातून काढून दिली आणि चहा होताच परत मागून घेतली. आई हे सगळं बघत होती आणि माझ्याकडे बघून हसत होती, एखाद्या लहान मुलाचा हट्ट आपण दोघी पुरवतो आहोत असं. ती नेहमीपेक्षा बारीक वाटत होती. अण्णांचे डोळे लाल होते आणि दाढी वाढलेली. आई न्हाणीघरात गेली की ते दाराबाहेर उभे राहायचे.

संध्याकाळी दूध आणायला म्हणून मी बाहेर पडले तेव्हा शेजारच्या बर्गे काकूंनी मला कुंपणाशी गाठलं.

“वैजू, मी मधे बोलू नये गं. पण तुझ्या वडिलांचं हल्ली काही कळंना. बाई कुठं दिसतच नाहीत. देवळात नाहीत, भिशीला नाहीत. आम्ही गेलो तर हे दारातच उभे राहून बोलतात.”

“तब्येत बरी नसेल तिची.”

“तेही विचारलं. बरी आहे म्हणाले.” काकूंनी घराकडे एकदा पाहून घेतलं. “परवा बाईंचा आवाज आला मला. ‘मला जाऊ द्या’ म्हणत होत्या. दोनदा म्हणाल्या. मग दार आपटल्याचा आवाज आला.”

मी दूध घेऊन परत आले तेव्हा अण्णांनी माझ्यामागे ती वरची कडी लावली.

म्हातारपणी माणसं कशी बदलतात याबद्दल मी बरंच वाचलं होतं. आयुष्यभर अबोल राहिलेले नवरे पुढे कसे वागू लागतात, बायका ते कसं हसून लपवतात, आणि मुलांना शेवटपर्यंत कसं काही दिसत नाही, हेही. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाताना जीपमध्ये मागे बसून मी एवढंच ठरवलं होतं: आईला या माणसाबरोबर महिनाभर एकटं पाठवायचं असेल, तर तिच्या झोपायच्या जागेला तिचं तिला उघडता येईल असं दार पाहिजे. नाहीतर मी तिला जाऊ देणार नाही.

निसारभाईंच्या शेडमध्ये एक ट्रेलर तयार होता. पांढरा, बुटका, एका बाजूला दार, आत दोघांची गादी, मागचं झाकण उचललं की ओटा.

“सांगलीच्या एका डॉक्टरांनी करून घेतलाय बगा,” निसारभाई म्हणाले. “आनि बायको म्हनली, मी हाटेलात ऱ्हानार, तुम्ही डब्यात ऱ्हावा. पडून हाय. तुमाला देतो की. काय फिटिंगची दगदग न्हाई, मागं अडकवला की चालले.”

अण्णा ट्रेलरखाली वाकले. त्यांनी आस पाहिला, स्प्रिंगांवर हात फिरवला, जीपला अडकवायचा आकडा वर-खाली करून पाहिला. “काम चांगलंय,” ते म्हणाले. “वजन बरोबर विभागलंय. मुक्कामाला सोडून ठेवून गाडी मोकळी फिरवता येईल.”

“मग?” मी विचारलं.

“मग काही नाही. तंबू बसवा, निसारभाई.”

“अण्णा, कारण तरी सांगा.”

“घाटात मागं घ्यायला त्रास होतो.”

“तुम्ही बंद पडलेली आख्खी एसटी मागं घ्यायचात कुंभार्लीत.”

“तेव्हा वय होतं.”

“आणि शिडी चढायला वय आहे? दोघांचं वजन टपावर, त्यात वारा…”

“उभ्या गाडीचा टप झेलतो. चालताना वर नुसता तंबू. वळणं जरा हळू घ्यायची.” ते मला नाही, जीपला सांगत होते.

मी आवाज खाली आणला. “ट्रेलरला दार आहे. आईला वाटेल तेव्हा तिला बाहेर येता येईल.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“तेच,” ते म्हणाले, आणि भोकं कुठे पाडायची ते दाखवायला कारागिरांकडे निघून गेले.

इतकं उघड, इतक्या सहज ते बोलतील असं मला वाटलं नव्हतं.

आईचं मात्र मजेत चाललं होतं. तिने निसारभाईंना धरून ठेवलं होतं. “काय हो, कृष्णेला उजव्या अंगानं कोण कोण मिळतं, सांगा बघू.”

“पंचगंगा.”

“ती तुमच्या दारातली. पुढं?”

“बाई, मी शाळेत मागच्या बाकावर. पुढचं पुढच्या बाकाला इचारा.”

“म्हणून तर तुम्हाला विचारते. वेण्णा, उरमोडी, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा, तुंगभद्रा.” ती बोटांवर मोजत गेली. एक नाव अडलं नाही. हिचं डोकं लख्ख आहे, मी मनात म्हटलं, आणि असं लख्ख डोकं घेऊन ती त्या कडीच्या आत बसते.

थोड्या वेळाने ड्रिलचा आवाज थांबला तेव्हा ती पुन्हा म्हणत होती, “काय हो, कृष्णेला उजव्या अंगानं कोण कोण मिळतं, सांगा बघू.”

“पाठ करून घ्यायला लागल्या बाई!” निसारभाई कारागिरांकडे बघून ओरडले. “वेण्णा… उरमोडी… पास करा आता.” सगळे हसले, आईही हसली. अण्णा हातातला पाना टाकून आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “चल, ऊठ. फार बोललीस.” ती लगेच उठली. तिचं ते लगेच उठणं मला बघवलं नाही.

“आई, तुला ट्रेलर दाखवते,” मी म्हणाले आणि तिला हाताला धरून आत नेलं. आम्ही दोघी गादीवर बसलो. आत रंगाचा वास होता. तिने दाराचा खटका दाबून पाहिला. दार उघडलं. तिने लावलं, पुन्हा उघडलं. “हलकं आहे गं,” ती म्हणाली. “नुसतं बोट लावलं की उघडतंय.”

“आवडला तुला?”

“छान आहे.”

“मग सांग ना अण्णांना. तू म्हणालीस तर ऐकतील.”

तिने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायचं असल्यासारखी ती थांबली. मग म्हणाली, “जाऊ दे वैजू. त्यांना टपाची हौस. लग्नाआधी जत्रेला टपावर बसून जायचे, कंडक्टरला चुकवून.” आणि ती पुन्हा दाराला बोट लावायला गेली. या वेळी ते उघडलं नाही.

मी खिडकीतून पाहिलं. बाहेर अण्णा उभे होते, आमच्याकडे पाठ करून, निसारभाईंशी बोलत. त्यांचा एक पाय मागे दाराला लावलेला होता.

तंबू बसवून झाल्यावर तो वाऱ्यावर बघून घेऊ, असं अण्णाच म्हणाले. काही ढिलं निघालं तर परत निसारभाईंकडे येता येईल. म्हणून कऱ्हाडच्या वाटेला न लागता आम्ही पन्हाळ्यावरून मसाई पठारावर गेलो. दुपार कलायला लागली होती. गवत वाळून सोनेरी झालं होतं, मैलभर झाड नाही, आणि वारा असा की बोललेलं तोंडातून निघताच दुसरीकडे जात होतं. अण्णांनी गाडी कड्यापासून खूप आत, एका पाणी आटलेल्या डबक्याजवळ लावली. चाकांना दगड लावले. तंबूचं आवरण काढून शिडी ओढली, तसा तो वहीसारखा उघडला आणि अर्धा भाग गाडीच्या बाहेर आला, शिडीवर टेकून. जमिनीपासून माझ्या डोक्याच्याही वर.

आम्ही भाकरी खाल्ली. मग अण्णा म्हणाले, “आम्ही तासभर वर पडतो. वजनाखाली कसा राहतो ते कळेल. तू बस खाली.”

“मीही येते वर.”

“दोघांचाच आहे तो.”

आई आधी चढली, मागून अण्णा, तिच्या दोन्ही बाजूंनी हात टेकत. मग शिडी घडी होऊन वर गेली. तंबूच्या बाहेर आलेल्या भागाला त्यांनी निसारभाईंकडून दोन वेगळे टेकू करून घेतले होते, शिडी नसली तरी तो पडू नये म्हणून. चेन लागल्याचा आवाज आला. मी जीपच्या सावलीत बसले. पुस्तक उघडलं होतं, वाचत नव्हते. वरून अण्णांचा हलका आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तोही थांबला आणि घोरणं सुरू झालं, खोल, कित्येक दिवस न झोपलेल्या माणसाचं.

मी ठरवत होते की आज परत गेल्यावर आईला पुण्याला घेऊन जायचं. काय सांगून न्यायचं त्याची वाक्यं मनात जुळवत होते. तेवढ्यात माझ्या डोक्यावर चेन सरकली. दाराची नाही, पलीकडच्या खिडकीची. ती कुणी अवघड करून घेतली नव्हती. आधी आईचा चेहरा बाहेर आला, मग खांदे. केस सुटले होते. तिच्या मनगटाला अण्णांचा पंचा बांधलेला होता आणि त्याचं दुसरं टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं.

“अहो बाई,” ती मला म्हणाली. “जरा शिडी लावता का?”

मला वाटलं ती थट्टा करते आहे. “आई, आत हो. पडशील.”

“मला जायचंय हो. उशीर झाला.” ती आदराने, जरा संकोचून बोलत होती, अनोळखी बाईला त्रास देताना बोलतात तशी. “मला इथं कुणी आणून बसवलं काय कळंना. शाळा सुटली असेल. माझी मुलगी दारात उभी राहील, किल्ली माझ्यापाशी.”

तिने फिरून पाय बाहेर काढले. जोडव्यांची बोटं माझ्या कपाळाच्या वर, हवेत लोंबायला लागली. खाली जमीन शोधत होती ती पावलं, एखाद्या उंबऱ्यावरून उतरताना शोधतात तशी. आपण कुठे आहोत हे त्या पावलांना ठाऊक नव्हतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ती दचकली असती. मी नुसती तिच्याखाली जाऊन उभी राहिले.

“तुमची मुलगी घरात गेली,” मी म्हणाले. “बर्गे काकूंनी घेतलं तिला आत.”

पावलं थांबली. “बर्गे वहिनींनी? तुम्ही बघितलंत?”

“बघितलं. तिथनंच आले मी.”

“मग बरं.” तिने श्वास सोडला. “तिला लगेच भूक लागते हो. पण मागणार नाही. बसून राहील. भारी मुकी आहे. मनात काय चाललंय ते कधी कळू द्यायची नाही. माझ्यानंतर कसं व्हायचं तिचं.”

“होईल नीट,” मी म्हणाले. मी हात वर केले आणि तिचे दोन्ही घोटे धरले.

“गार आहेत हात तुमचे,” ती म्हणाली. “तुम्हाला मुलं आहेत?”

“नाहीत.”

“असू दे. काही बिघडत नाही.” आणि ती पुढे सरकली. “तरी मी जाऊनच येते एकदा. सोडा बरं.”

तिचं वजन माझ्या हातांवर यायला लागलं. मला ते पेलणार नव्हतं. घोरणं थांबलेलं मला कळलंच नव्हतं. तिच्या मागून, तंबूच्या आतून, अण्णांचा आवाज आला. त्या आवाजात ते माझ्याशी किंवा तिच्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नव्हतं. कोरडा, शाळेच्या कार्यालयातला आवाज.

“निकम बाई. घंटा नाही झाली अजून.”

आई ताठ झाली.

“वर्ग तसाच सोडून निघालात?”

“नाही सर,” आई म्हणाली. “मुली दंगा करतायत का?”

“करतायत. या आत.”

तिने मला मानेने ‘माफ करा’ अशी खूण केली, घोटे सोडवून घेतले, पाय आत ओढले आणि फिरून आत गेली. खिडकीची चेन लागली. मी हात तसेच वर करून उभी होते. खाली घ्यायचं सुचत नव्हतं.

बराच वेळ गेल्यावर ती झोपली असावी. अण्णा शिडी लावून उतरले. खाली येऊन ते चाकाला टेकून गवतात बसले.

“कधीपासून?” मी विचारलं.

“कळलं गणपतीत. संगमावर सापडली, गुडघाभर पाण्यात उभी. मग एकदा हायवेला. एका ट्रकवाल्यानं आणून सोडली, गाडीत बसवून चहा पाजून.” ते गवताची काडी मोडत राहिले. “सांगलीला दाखवलं. नाव सांगितलं त्यांनी रोगाचं. औषधाचं म्हणाले, फार भरवसा धरू नका. झोपेतनं उठली की जास्त. सकाळी पुष्कळ दिवस चांगली असते.”

“मला का नाही सांगितलं?”

“शपथ घातली तिनं. म्हणाली, वैजूला कळलं की ती माझ्याकडं बघायची थांबेल, मला तपासायला लागेल.”

वारा मधे आला. मग ते म्हणाले, “हा तंबूपण तिचाच. तिनंच चित्र दाखवलं पेपरातलं. एका सकाळी मला बसवून सांगितलं, अहो, मला नदी बघायचीय, आणि मी उठून जाते. डब्याला दार असतंय, मी उघडीन. मला वर झोपवा, जिथनं उतरता यायचं नाही.” त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. “आम्ही दोघांनी लई डोकं चालवलं. शिडी, चेन, सगळं. आपण वर आहोत हे तिच्या ध्यानात राहील असं धरून चाललो. तिनंपण तेच धरलं होतं.”

माझ्या हातांना अजून तिच्या घोट्यांचं वजन लागत होतं.

“अहो,” वरून आवाज आला. “शिडी आहे का जागेवर? पाय आखडले माझे.”

अण्णांनी तिला उतरवून घेतलं. तिने तोंड धुतलं, पाणी प्यायलं, केस बांधले. आमच्याकडे आलटून पालटून पाहिलं. मग जीपच्या पायरीवर बसली आणि साडी किंचित वर घेऊन तिने आपले घोटे पाहिले. माझ्या बोटांचे वळ होते, तांबडे.

“वैजू, तू सांग,” ती म्हणाली. “हे सांगायचे नाहीत. मी उतरत होते?”

“हो.”

“तुला ओळखलं होतं?”

खोटं बोलता आलं असतं. अण्णा माझ्याकडे तेच मागत असल्यासारखे बघत होते. पण तिचा चेहरा असा होता की तिला उत्तर आधीच ठाऊक आहे, आता ती फक्त मी काय लिहिते ते बघते आहे.

“नाही,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. साडी खाली केली. पठारावर आमच्याखेरीज कुणी नव्हतं, एक घार तेवढी कड्यावर तरंगत होती.

“परत जाऊ,” अण्णा म्हणाले. “निसारला सांगतो, काढून घे म्हणून. घरीच राहू.”

“आणि कडी लावून बसू?”

“शालन, आज ही नसती तर…”

“नसती तर संपलं असतं. कळतंय मला. आत्ता कळतंय, म्हणून आत्ताच बोलते.” ती शांत होती. “नदी कुठं जात नाही हो. पुढच्या वर्षी तिथंच असेल. मी असेन, पण कुणाला घेऊन जाल तुम्ही?”

अण्णांनी तोंड फिरवलं. ते कड्याच्या दिशेने चालत निघाले तेव्हा मी उठायला लागले. आईने माझा हात धरून खाली बसवलं. “जाऊ दे. येतील. रडायला जागा नाही घरात त्यांना, मी मागं मागं असते.”

अण्णांची पाठमोरी आकृती लहान होत गेली.

“वैजू,” ती म्हणाली, “मला मधे झोपवा. तू खिडकीकडं, ते दाराकडं.”

“तो दोघांचाच आहे, आई.”

“कोयनेला यांची बदली होती तेव्हा क्वार्टरमध्ये एका खाटेवर झोपत होतो तिघं. तेव्हा तू मधे असायचीस.” मग जरा थांबून, “आणि मी अहो-जाहो करायला लागले तर मला दुरुस्त करायचं नाही. जी कुणी म्हणेन ती व्हायचं. जमेल?”

“जमेल,” मी म्हणाले. जमेल की नाही हे मला माहीत नव्हतं. मी फक्त रजेचा अर्ज कुणाकडे टाकायचा याचा विचार करत होते.

आम्ही गेलो. सगळा प्रवास सांगत नाही. त्या तंबूत तिघांना कूस एकदमच बदलावी लागायची. पहिल्या आठवड्यात ती सकाळी मला वैजू म्हणून हाक मारायची आणि दुपारनंतर बाई म्हणायची. पुढे तो वैजूचा वेळ कमी कमी होत गेला. आलमट्टीच्या पुढे मी तिच्यासाठी बहुतेक वेळ नव्याने बदलून आलेली शिक्षिका होते, आणि तिने मला शाळेतल्या कोणापासून जपून राहायचं ते सांगितलं. अण्णांना ती मुख्याध्यापक समजायची. त्यांच्यासमोर पान खात नसे.

आंध्रात हंसलदीवीच्या पुढे, जिथे कृष्णा समुद्राला मिळते, तिथे आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. गढूळ पाणी, ओली वाळू, ओढून ठेवलेल्या नावा. ती गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. कशासाठी आणलं म्हणून चिडली होती. मग एकदम उतरली आणि वाळूवर पुढे जाऊन उभी राहिली.

“बाई,” तिने मला विचारलं, “नदी संपली कुठं, दाखवा बघू.”

मी बोट केलं. पाण्याचा रंग जिथे बदलत होता तिथे.

“चूक,” ती म्हणाली. “अशी रेघ नसते. भरती आली की खारं पाणी कितीतरी आत चढतं. मग नदी मागं सरते. मग ओहोटी.” तिने मला आणि अण्णांना हाताने खाली बसायची खूण केली. आम्ही ओल्या वाळूत बसलो. ती उभी राहून शिकवायला लागली: गाळ कसा साचतो, मुखं कशी फुटतात, पाणी कशाने मागे लोटलं जातं. नावेजवळचे दोन कोळी काही न कळता ऐकत उभे राहिले. तिचा आवाज स्वच्छ होता, पूर्वीसारखा, वाऱ्यावरही ऐकू जाणारा.

तिच्या पाठीमागे भरती चढत होती. पाणी तिच्या टाचांना लागलं, तिच्या लक्षात आलं नाही. मग ते आमच्यापर्यंत आलं, पावलांखालून, मांड्यांखालून. अण्णांनी तिच्यावरून नजर काढली नाही, मीही नाही. आमच्यातलं कुणी हललं असतं तर ती थांबली असती, आणि थांबली असती तर पुढचं तिला सापडलं नसतं. आम्ही पाण्यात बसून राहिलो.